चंचल म्हणे इटली! : एका जुन्या आरोपाची उलटतपासणी

विसाव्या शतकातील युरोपचा इतिहास सांगताना इटलीच्या वाट्याला एक विशेषण ठरून गेलेले आहे: बेभरवशाचा. १९१५ साली या देशाने तीस-तेहतीस वर्षांच्या मित्रांकडे पाठ फिरवली आणि त्यांच्याच विरुद्ध युद्ध पुकारले. १९४३ साली पुन्हा तेच घडले. ज्या बाजूने लढाईला उभा राहतो त्या बाजूने ती संपवीत नाही, अशी या देशाची थट्टाही वेळोवेळी केली जाते. रोममधली मंत्रिमंडळे वर्षा-दीड वर्षाने बदलतात, मग परराष्ट्रधोरण तरी स्थिर कोठून असणार, असा तर्क त्याला जोडला की हा निकाल पक्का होतो.

मला हा आरोप चुकीच्या जागी लावलेला वाटतो. इटलीचे परराष्ट्रधोरण निर्दोष होते असे मला म्हणावयाचे नाही. त्याचा खरा दोष याहून बराच मोठा आहे. पण तो चंचलपणाचा दोष नव्हे. एका बाबतीत या धोरणाने विलक्षण सातत्य राखले. राजेशाही गेली, हुकूमशाही आली आणि गेली, प्रजासत्ताक आले, तरी ते सातत्य मोडले नाही. ते चटकन दिसत नाही याचे कारण ते शोधावयास लंडन, बर्लिन किंवा व्हिएन्ना येथील कागदपत्रे पुरत नाहीत. त्यासाठी त्रिपोली, अदिस अबाबा आणि मोगादिशू येथून पाहावे लागते.

प्रथम मूळ आरोपच तपासू. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्याशी इटलीने १८८२ साली जो त्रिपक्षीय करार केला, तो बचावात्मक होता. १९१४ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध लादले ते इटलीशी सल्लामसलत न करता. तेव्हा त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इटलीने तटस्थता जाहीर केली, त्यात कराराचा भंग झाला असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. पुढचे वर्तन मात्र नितळ नव्हते. पंतप्रधान सालांद्रा यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये राष्ट्राच्या ‘पवित्र स्वार्था’चा उच्चार केला आणि त्या दोन शब्दांनी जगभर नाव कमावले. परराष्ट्रमंत्री सोन्निनो दोन्ही बाजूंशी भाव ठरवीत राहिले. २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांच्याशी गुप्त करार झाला, जुन्या त्रिपक्षीय करारातून अंग काढून घेतले गेले ते त्यानंतर, मेच्या आरंभी. म्हणजे सुमारे आठवडाभर इटली परस्परविरोधी अशा दोन्ही गोटांचा कागदोपत्री सहकारी होता!

पण असा व्यवहार करणारा तो एकटाच होता काय? लंडनच्या मेजावर बसून इटलीला दक्षिण टिरोल, ट्रिएस्टे, इस्ट्रिया आणि डाल्मेशियाचा काही भाग देऊ करणारे तिघेही तेथल्या जर्मन, स्लोव्हेन व क्रोएट रहिवाशांना न विचारताच देत होते. १९१७ च्या अखेरीस बोल्शेविकांनी झारच्या कपाटातले गुप्त करार प्रसिद्ध केले तेव्हा लाज वाटण्याची पाळी साऱ्यांवरच आली. ‘विश्वासघात’ हा शब्द मेजाभोवती बसलेल्यांनी परस्परांसाठी राखून ठेवलेला शब्द आहे. ज्यांची भूमी मेजावर मांडलेली असते, त्यांना तो वापरण्याची सोयच नसते.

१९१५ मध्ये खरा विश्वासघात झाला असेल तर तो इटलीच्या स्वतःच्या जनतेचा. संसदेत बहुमत जोलित्ती यांच्या बाजूने, म्हणजे तटस्थतेकडे झुकलेले होते आणि लंडनच्या कराराचा मजकूर त्या संसदेपासून लपवून ठेवण्यात आला. राजा, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री अशा तिघांनी घेतलेल्या निर्णयापायी सुमारे सहा लाख इटालियन सैनिक मरण पावले. १९४३ चीही तीच कथा. ३ सप्टेंबरला सिसिलीतील कास्सिबिले येथे दोस्तांशी शस्त्रसंधी झाली, ८ तारखेला ती जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी राजा व पंतप्रधान बादोल्यो रोम सोडून पळाले. सैन्याला स्पष्ट आदेश कोणी दिलेच नाहीत. जर्मनांनी सुमारे सहा लाख इटालियन सैनिकांना पकडून आपल्या छावण्यांत नेले. हिटलरची साथ सोडली यात निंदनीय असे काही नव्हते. निंदनीय होते ते आपली माणसे वाऱ्यावर सोडून जाणे. तथापि ‘बेभरवशाचा’ म्हणणाऱ्यांच्या मनात ही माणसे क्वचितच असतात.

आता त्या दुसऱ्या, सातत्याच्या गोष्टीकडे वळू. तिचा आरंभ जेथे होतो ते ठिकाण मराठी वाचकाला काहीसे अस्वस्थ करणारे आहे. आपल्याकडे इटलीची पहिली ओळख झाली ती मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्यामार्फत. मॅझिनीच्या आत्मचरित्राचा सावरकरांनी केलेला अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. परकीय सत्तेखाली चिरफाळलेला, पण आपल्या बळावर एक झालेला देश, ही ती इटली. या राष्ट्रवादाच्या पोटात दुसरेही काही वाढत होते, ते आपल्यापर्यंत फारसे पोहोचले नाही. खुद्द मॅझिनीने १८७१ साली, मृत्यूच्या अवघे एक वर्ष आधी, ट्यूनिसवर इटलीचा हक्क सांगितला होता. राष्ट्रांच्या स्वातंत्र्याचा हा द्रष्टा आफ्रिकेच्या किनाऱ्याशी येऊन थबकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८८१ साली ट्यूनिस फ्रान्सने बळकावले आणि इटलीचा जळफळाट झाला. पुढल्या वर्षीच्या त्रिपक्षीय करारामागे या संतापाचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्या मैत्रीचा १९१५ मध्ये भंग झाला म्हणून एवढा गवगवा झाला, ती मैत्रीच मुळी वसाहत न मिळाल्याच्या रागातून जुळलेली होती. बड्या राष्ट्रांच्या पंक्तीतले शेवटचे पान मिळालेल्या या देशाला आपले पान उचलले जाईल अशी कायमची धास्ती होती. बड्यांच्या घरी वसाहती असतात, तेव्हा आपल्यालाही हव्यात, एवढे साधे गणित.

या गणितातला एक प्रसंग साहित्याच्या वाचकाला विशेष बोलका वाटेल, कारण तो भाषांतराचा आहे. १८८९ साली इथिओपियाचा सम्राट मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचाले येथे तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात अम्हारिक मजकुराप्रमाणे मेनेलिकला परराष्ट्रांशी व्यवहार करताना इटलीची मदत घेण्याची मुभा होती. इटालियन मजकुराप्रमाणे ती घेणे त्याच्यावर बंधनकारक होते. एका क्रियापदाच्या आधारे रोमने साऱ्या युरोपला कळवून टाकले की इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आला. मेनेलिकला हे उमगल्यावर त्याने तह फेटाळला आणि १ मार्च १८९६ रोजी अद्वा येथे इटालियन सैन्याचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी इटलीला इथिओपियाचे पूर्ण स्वातंत्र्य लेखी मान्य करावे लागले. पराभवातून दोन धडे घेता आले असते. खोट्या भाषांतरावर राज्य उभे राहत नाही, हा एक. सूड घेतला पाहिजे, हा दुसरा. इटलीने दुसरा घेतला आणि चाळीस वर्षे जपला.

मधल्या काळात लिबिया आले. १९११ च्या सप्टेंबरमध्ये जोलित्ती यांच्या उदारमतवादी सरकारने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले. १ नोव्हेंबरला एका इटालियन वैमानिकाने विमानातून हातबॉम्ब टाकले. विमानातून बॉम्बफेक होण्याचा इतिहासातला हा पहिला प्रसंग समजतात. शेकडो, हजारो लिबियन कैद करून इटलीच्या बेटांवर धाडण्यात आले. त्याच नोव्हेंबरात जोव्हान्नी पास्कोली या मोठ्या आणि स्वभावाने हळव्या कवीने या युद्धाच्या समर्थनार्थ एक भाषण केले. त्यात त्याने इटलीला ‘महान श्रमजीवी’ राष्ट्र म्हटले. पोट भरण्यासाठी आमचे कष्टकरी परदेशी जातात, तेथे त्यांचा अपमान होतो; आता त्यांना समुद्राच्या पलीकडे स्वतःची जमीन मिळेल, असा त्याचा युक्तिवाद होता. स्थलांतरिताच्या दुःखातून दुसऱ्याची जमीन घेण्याचा हक्क त्याने काढला. हा युक्तिवाद ध्यानात ठेवावा, कारण शंभर वर्षांनी तो उलटा होऊन याच समुद्रात परत आला. विरोध करणारेही होते. इतिहासकार साल्व्हेमिनी याने लिबियाला वाळूची भली मोठी पेटी म्हटले. मुसोलिनी नावाचा एक तरुण समाजवादी तर या युद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात गेला!

तोच मुसोलिनी १९२२ मध्ये सत्तेवर आला आणि ज्या युद्धाला त्याने विरोध केला होता ते त्याने पुरे केले. १९३० च्या सुमारास सिरेनाइकाच्या डोंगराळ भागातील सुमारे एक लाख माणसे गुराढोरांसह हुसकून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यात आली. उपासमार, रोगराई आणि वणवण यांत त्यांतली चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली असावीत, असे अनेक इतिहासकार मानतात. सत्तरीतले बंडखोर नेते ओमर मुख्तार यांना १६ सप्टेंबर १९३१ रोजी छावणीतल्या लोकांच्या डोळ्यांदेखत फाशी देण्यात आले. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथिओपियावर स्वारी झाली. विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही असतानाही मोहरी वायूचे बॉम्ब टाकण्यात आले. राष्ट्रसंघाने निर्बंध लादले खरे, परंतु त्यांत तेल नव्हते. १९३६ च्या जूनमध्ये सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात स्वतः उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडले आणि त्यानंतर महिन्याभरातच निर्बंध उठवण्यात आले. १९३७ च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉय ग्राझियानीवर हल्ला झाला, त्याचा सूड म्हणून अदिस अबाबात तीन दिवस निरपराध लोकांची कत्तल चालली.

हा सगळा फॅसिझमचा अपराध होता आणि तो फॅसिझमबरोबर गेला, असे म्हणणे सोयीचे आहे. त्याला छेद देण्यास एकट्या बादोल्योचे चरित्र पुरेसे आहे. हा सेनाधिकारी उदारमतवादी सरकारच्या काळात लिबियाच्या युद्धात होता. पुढे मुसोलिनीच्या राज्यात तो लिबियाचा गव्हर्नर होता आणि लोकांना छावण्यांत हलवण्याचा निर्णय त्याच्याच कारकिर्दीतला. इथिओपियात वायूचा वापर झाला तेव्हाचा सरसेनापतीही तोच. आणि १९४३ साली मुसोलिनीला दूर करून जे ‘नवे’ सरकार दोस्तांना सामोरे गेले, त्याचा पंतप्रधानही तोच! चर्चिल यांना तो चालला. ब्रिटन व अमेरिका यांच्या दृष्टीने त्याच्या गतायुष्यात आक्षेपार्ह काही असलेच तर ते एवढेच, की तो १९४० पासून चुकीच्या बाजूने लढला. त्याआधीच्या तीस वर्षांत तो कोणाशी लढला, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

यानंतर प्रजासत्ताक आले. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने इटलीने आपल्या वसाहतींवरचा हक्क सोडला. हा तह इटलीत सर्वांना जाचला. आयुष्यभर फॅसिझमला विरोध केलेल्या तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनीही संविधानसभेत त्याला मान्यता देऊ नये असे बजावले. पण जाचले काय, हे पाहण्यासारखे आहे. पंतप्रधान दे गास्पेरी हे फॅसिस्टांच्या तुरुंगात राहून आलेले. परराष्ट्रमंत्री स्फोर्झा अनेक वर्षे देशोधडीला लागलेले. त्यांच्या चारित्र्याविषयी शंका नाही. तरीही या दोघांनी फॅसिझमपूर्व काळातल्या वसाहती आम्हांला परत मिळाव्यात, निदान त्यांचे विश्वस्तपद तरी मिळावे, म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. मुसोलिनीने जिंकलेले ते पाप आणि जोलित्तीने जिंकलेले ते पुण्य, असा काहीसा तो हिशेब होता. १९४९ च्या मे महिन्यात स्फोर्झा आणि ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी मिळून लिबियाची तीन विश्वस्तांत वाटणी करण्याची योजना संयुक्त राष्ट्रांत आणली. त्रिपोलितानिया इटलीकडे सोपवण्याचा प्रस्ताव दोन तृतीयांश बहुमताला एका मताने कमी पडला. ऐनवेळी विरोधात गेलेले मत हैतीच्या प्रतिनिधीचे होते. गुलामांनी बंड करून उभारलेल्या त्या देशाचे. १९५१ च्या डिसेंबरमध्ये लिबिया स्वतंत्र झाला. सोमालिया मात्र १९५० ते १९६० अशी दहा वर्षे विश्वस्त या नात्याने इटलीकडेच राहिला.

उत्तरदायित्वाचे काय झाले? इथिओपियातील गुन्ह्यांबद्दल एकाही इटालियनावर कधी खटला उभा राहिला नाही. इथिओपियाने मागणी केली. ब्रिटनने ती पुढे सरकू दिली नाही. इटलीलाही घाई नव्हती. ग्राझियानीला १९५० मध्ये शिक्षा झाली ती जर्मनांशी सहकार्य केल्याबद्दल, आणि तीही त्याने थोडेच महिने भोगली. बादोल्यो १९५६ साली आपल्या अंथरुणावर मेला. विषारी वायू वापरला होता हे इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने अधिकृतपणे मान्य केले १९९६ साली, म्हणजे साठ वर्षांनी. तोवर आन्जेलो देल बोका यांच्यासारख्या पत्रकार-इतिहासकाराला, ‘आमचे सैनिक भले होते’ या समजुतीशी जवळपास एकाकी झुंजावे लागले. ओमर मुख्तार यांच्यावर १९८१ साली निघालेला ‘लायन ऑफ द डेझर्ट’ हा चित्रपट लष्कराची बदनामी होते या कारणावरून इटलीत दाखवू दिला गेला नाही. तो दूरचित्रवाणीवर दिसला २००९ मध्ये, आणि तोही गद्दाफी पाहुणे म्हणून आले होते तेव्हा.

अक्सूमच्या स्तंभाची हकीकत तर एखाद्या कथेत शोभावी. सुमारे चोवीस मीटर उंचीचा हा प्राचीन दगडी स्तंभ १९३७ साली लुटून रोमला आणला आणि वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयासाठी नेमलेल्या इमारतीसमोर उभा केला. युद्धानंतर त्या इमारतीत संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आली. भुकेल्या जगाची चिंता वाहणारे अधिकारी रोज त्याच्या सावलीतून ये-जा करीत. लुटलेल्या वस्तू अठरा महिन्यांत परत करू असे इटलीने १९४७ च्या तहात लिहून दिले होते. स्तंभ परत गेला २००५ मध्ये. बेभरवशाचे म्हणावयाचे असेल तर या अठ्ठावन्न वर्षांना म्हणावे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. युद्धोत्तर इटलीने मुत्सद्देगिरीत खरोखर चांगले असे काहीच केले नाही काय? निश्चितच केले. दक्षिण टिरोलमधील जर्मनभाषकांच्या प्रश्नावर दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रूबर यांनी ५ सप्टेंबर १९४६ रोजी करार केला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, मध्यंतरी बॉम्बस्फोट झाले, तरी १९७२ च्या स्वायत्ततेतून मार्ग निघाला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे कळवले. युगोस्लाव्हियाबरोबरची सीमा १९७५ च्या ओसिमो कराराने निश्चित झाली. ट्रिएस्टेच्या लोकांचा रोष पत्करून सरकारने तो केला. संविधानाच्या अकराव्या कलमात आक्रमक युद्धाचा त्याग आहे आणि शांततेसाठी आपल्या सार्वभौमत्वावर मर्यादा घालून घेण्याची तयारीही आहे. एन्रिको मात्तेई यांनी तेलाच्या धंद्यात इराणशी १९५७ साली केलेला करार, नफ्याचा तीन चतुर्थांश वाटा तेलवाल्या देशाकडे जाईल असा होता. बड्या कंपन्या तेव्हा निम्म्यावर अडून बसल्या होत्या.

या जमेच्या बाजूचे मोल मी कमी करू इच्छीत नाही. उलट, त्यामुळेच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. प्रतिष्ठेचा हव्यास सोडून, आपली खरी ताकद ओळखून, समोरच्याला बरोबरीचा मानून इटलीने जेथे बोलणी केली तेथे त्याची मुत्सद्देगिरी धीराची, दीर्घसूत्री आणि समजूतदार ठरली. मग हे शहाणपण ऑस्ट्रियाशी आणि युगोस्लाव्हियाशी चालते, तर लिबिया, इथिओपिया, सोमालिया यांच्याशी का चालले नाही? इथिओपियाला युद्धाची भरपाई मिळाली, तिच्यातून कोका धरण झाले, हे खरे. पण पैसे देणे आणि जबाब देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्या भिन्नतेचा लखलखीत पुरावा म्हणजे ३० ऑगस्ट २००८ चा बेंगाझी करार. बर्लुस्कोनी यांनी वसाहतकाळाबद्दल लिबियाची माफी मागितली आणि वीस वर्षांत पाच अब्ज डॉलर देण्याचे कबूल केले. भूतपूर्व सत्ताधाऱ्याने वसाहतीची माफी मागून भरपाई द्यावी, हे तेव्हा अपूर्व होते आणि कागदावर ते सुंदरही दिसते. परंतु त्याच करारात समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांना रोखण्याची कलमे होती, आणि तेल व वायू यांचे हितसंबंध तर उघडच होते. पुढल्या वर्षी गद्दाफी रोमला आले ते छातीवर बेड्या घातलेल्या ओमर मुख्तार यांचे छायाचित्र लावून. दोघांनाही त्या छायाचित्राचा उपयोग होता. एकाला त्यामुळे क्षमा मिळाली, दुसऱ्याला हुतात्म्याचा वारसा.

किंमत तिसऱ्यांनीच मोजली. ६ मे २००९ रोजी लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेस इटालियन नौकांनी तीन होड्यांमधल्या सुमारे दोनशे माणसांना आपल्या जहाजांवर घेतले आणि त्रिपोलीला नेऊन लिबियाच्या स्वाधीन केले. त्यांच्यापैकी काही जण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने एकमताने इटलीला दोषी ठरवले. हे अर्जदार कोण होते? अकरा सोमाली आणि तेरा एरिट्रियन. एके काळच्या दोन इटालियन वसाहतींतून जीव वाचवून निघालेली माणसे तिसऱ्या वसाहतीत लोटून देण्यात आली होती, आणि ती त्या तिसरीची क्षमा मागणाऱ्या कराराच्या आधारे. पास्कोलीने ज्या स्थलांतरिताच्या नावाने लिबिया मागितली होती, त्याचाच हा आफ्रिकी भाऊबंद.

३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदुसाजवळ होडी बुडून ३६८ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य एरिट्रियन होती. इथिओपियावरील स्वारीचीही तारीख तीच होती. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर काही रचू नये. या दुर्घटनेनंतर इटलीच्या नौदलाने वर्षभर ‘मारे नोस्त्रुम’ नावाची मोहीम चालवून दीड लाखाच्या आसपास माणसे वाचवली, हेही सांगितलेच पाहिजे. ‘आपला समुद्र’ या फॅसिस्टांनी मिरवलेल्या शब्दांना त्या एका वर्षात माणुसकीचा अर्थ लाभला होता. युरोपने खर्चात हात आखडता घेतला आणि मोहीम थांबली. २ फेब्रुवारी २०१७ रोजी लिबियाशी नवा समझोता झाला: पैसा, बोटी आणि प्रशिक्षण इटलीचे, अडवणूक लिबियाची. करणारे सरकार मध्यम-डावे होते. नंतर आलेल्या उजव्या सरकारांनी तो चालू ठेवला. लिबियातल्या कोठड्यांत स्थलांतरितांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने मार्च २०२३ मध्ये नोंदवले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मेलोनी यांनी रोममध्ये आफ्रिकेसाठी ‘मात्तेई योजना’ मांडली, तेव्हा आफ्रिकी संघाच्या आयोगाचे अध्यक्ष मुसा फाकी यांनी त्याच सभागृहात सांगितले की आम्हांला आधी विचारले असते तर बरे झाले असते. वुचालेच्या सतराव्या कलमापासून तक्रार ती एकच आहे.

एखादा वाचक विचारील की इटली आणि आफ्रिका यांच्या या जुन्या हिशेबाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. १९४१ साली एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर इटालियन सत्ता मोडली गेली, त्या लढाईत मराठा पलटणीची माणसे होती. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे जिंकून मारले गेले. त्यांचा देह मिळाला नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. एरिट्रिया आणि इटली सोडवणाऱ्या या माणसांचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यात होता. २०२३ साली मोन्तोने या इटालियन गावात घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले गेले. हे चांगलेच झाले. पण त्याच देशातल्या आफ्फिले या गावी २०१२ साली ग्राझियानीचेही स्मारक बांधले गेले आहे. एका देशाच्या स्मरणात ही दोन्ही स्मारके एकाच वेळी मावतात, याचा अर्थ तो हिशेब अद्याप कोणी मांडलेलाच नाही.

म्हणून ‘बेभरवशाचा’ हे विशेषण मला केवळ अपुरे वाटत नाही, ते दिशाभूल करणारे वाटते. ते वापरताना आपण नकळत व्हिएन्नाच्या किंवा लंडनच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि इटलीने त्यांच्याशी इमान राखले की नाही एवढेच मोजू लागतो. पूर्वी दुसऱ्याच्या राज्यात राहिलेल्या आपल्यासारख्यांनी ती खुर्ची उसनी घेण्याचे कारण नाही. कोणत्याही देशाच्या परराष्ट्रधोरणाची परीक्षा घ्यावयाची तर त्याने बलवंतांना दिलेली वचने पाळली का, यापेक्षा दुबळ्यांना काही वचन देण्याची त्याला गरज तरी वाटली का, हे आधी पाहावे. ही कसोटी इटलीपुरती नाही. ब्रिटन आणि फ्रान्स तिला उतरतील असे नाही, आणि आपल्या शेजारच्या लहान देशांनी ती आपल्याला लावली तर आपलेही उत्तर तयार असावे लागेल.